मुका मार: रक्त दिसत नसताना काय बघायचं, काय करायचं

आपल्याकडे या दुखापतीला नेमका शब्द आहे, मुका मार. कातडी फाटलेली नसते, रक्त दिसत नाही. माणूस उठतो, कपडे झटकतो, 'काही नाही झालं' म्हणतो आणि ॲक्टिवाचं तुटलेलं मडगार्ड बघायला लागतो. तासाभराने तोच माणूस ओट्यावर बसून घामाने चिंब होतो. तोवर आत लिटरभर रक्त गेलेलं असू शकतं.

हा लेख इंदूरमधल्या अशा लोकांसाठी आहे ज्यांचं वैद्यकीय शिक्षण काहीही नाही, पण जे रोज रिंग रोड, बायपास किंवा खंडवा रोडवरून जातात आणि कधी ना कधी गर्दीच्या मधोमध सापडणार आहेत. आतली दुखापत रस्त्यावर बरी करता येत नाही. ती संशयाने ओळखायची, वाढू द्यायची नाही आणि डॉक्टरच्या हाती लवकर, नेमक्या माहितीसह सोपवायची, एवढंच आपल्या हातात असतं.

आत मार कसा बसतो ते आधी समजून घ्या. बाईक कारवर आदळून थांबते. अंग हँडलवर किंवा रस्त्यावर आपटून थांबतं. त्यानंतरच्या क्षणी यकृत, पानथरी (प्लीहा), मेंदू आपापल्या जागी पुढे झेपावून थांबतात. हा तिसरा धक्का बाहेरून दिसत नाही. म्हणून खरचटलं किती यापेक्षा वेग किती होता, आदळला कशावर, उडून किती लांब पडला, हे जास्त सांगून जातं. गाडीतला दुसरा माणूस जागीच गेला असेल, कोणी गाडीबाहेर फेकला गेला असेल, पायी चालणाऱ्याला कारने उडवलं असेल, तर उरलेला माणूस चालत-बोलत असला तरी त्याला आतून मार लागला आहे असंच धरून चाला.

पहिली दोन मिनिटं

आधी स्वतःचा जीव. तुमची गाडी अपघाताच्या अलीकडे बाजूला लावा, पार्किंग लाइट चालू करा, एकाला मागे पाठवून येणारी वाहनं हळू करायला सांगा. बायपासवर रात्री मदतीला धावलेला माणूसच मागून येणाऱ्या ट्रकखाली येतो. अपघातग्रस्त गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद करा, आसपास कोणी बिडी-सिगारेट पेटवणार नाही हे बघा.

रुग्णवाहिकेसाठी 108. पोलीस, आग, रुग्णवाहिका यांपैकी काहीही हवं असेल तर 112. राष्ट्रीय महामार्गावर 1033. फोनवर 'बायपासवर ढाब्याजवळ' एवढं सांगून भागत नाही. देवासकडे जाणारी बाजू की राऊकडे जाणारी, जवळचा किलोमीटरचा दगड, कोणत्या पुलाच्या आधी की नंतर, किती जखमी, त्यातले किती बेशुद्ध, हे सांगा. समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. सिमरोळच्या किंवा मानपूरच्या घाटात नेटवर्क गेलं, तर एका बाइकवाल्याला नेटवर्क मिळेपर्यंत पुढे पाठवा आणि काय बोलायचं ते त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

जखमीकडे समोरून जा. बाजूने हाक मारली की तो मान वळवतो, आणि मानेचा मणका मोडला असेल तर नेमकं तेच नको असतं. 'दादा, हलू नका. मान हलवू नका. हो-नाही तोंडाने सांगा.' मग नाव विचारा, कुठे आहात विचारा. नीट उत्तर आलं तर श्वासनलिका उघडी आहे आणि मेंदूपर्यंत रक्त पोचतंय. दोन्ही गोष्टी एका वाक्यात कळल्या.

उत्तर नाही, पण श्वास चालू आहे आणि घशातून घोरल्यासारखा आवाज येतोय? जीभ मागे पडली आहे. डोक्याशी गुडघे टेकून बसा, दोन्ही हातांनी डोकं जसंच्या तसं धरा आणि बोटांनी जबड्याचे कोन वर उचला. मान मागे वाकवायची नाही. उलटी आली तर मात्र डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून अख्खा माणूस कुशीवर करा. मणक्याची काळजी खरी आहे, पण श्वास अडला तर काही मिनिटांतच सगळं संपतं, त्यामुळे श्वास आधी.

श्वासच नसेल, किंवा मधूनच आचका दिल्यासारखा असेल, तर छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही हात ठेवून दाबायला लागा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन-दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलेले हात पुरेसं खोल दाबत नाहीत.

हेल्मेट श्वासाच्या आड येत नसेल तर काढू नका. काढावंच लागलं तर दोघं लागतात. एक जण डोक्यामागून हेल्मेट दोन्ही बाजूंनी स्थिर धरतो. दुसरा पट्टा सोडून एक हात जबड्याला आणि एक हात मानेखाली देतो. मग पहिला हेल्मेटच्या बाजू फाकवतो, आधी नाक मोकळं होईल इतपत तिरपं करतो आणि हळूहळू ओढून काढतो. मान धरलेल्याने काहीही झालं तरी हात सोडायचे नाहीत. एकट्याने ओढून हेल्मेट काढणं म्हणजे मानच ओढणं.

बाहेर वाहणारं रक्त असेल तर ते आधी थांबवा. स्वच्छ कापडाची घडी, त्यावर तळहात, आणि सलग दहा मिनिटं दाब. मध्ये उचलून 'थांबलं का' बघितलं की धरू लागलेली गुठळी कापडाबरोबर निघते. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या 5 ते 7 सेंटीमीटर वर, सांधा सोडून, दोन-तीन बोटं रुंद पट्टी बांधा, गाठीत काठी किंवा पाना अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि वेळ लिहून ठेवा. दोरी किंवा बुटाची नाडी वापरू नका, ती मांस कापते.

नाडी एकदा मोजून काही कळत नाही

नवख्या माणसाने एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिकावी. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्यात तुमचीच नाडी लागते. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मग हात तसाच धरून, त्याला न सांगता, छाती किती वेळा वर येते ते तीस सेकंद मोजा. सांगितलं की माणूस श्वास बदलतो.

मोठ्या माणसाची नाडी साधारण 60 ते 100 आणि श्वास 12 ते 20. अपघातानंतर घाबरून नाडी 110 होणं साहजिक आहे. पण भीतीची नाडी दहा-पंधरा मिनिटांत उतरायला लागते आणि आतल्या रक्तस्रावाची चढत जाते. म्हणून दर पाच ते दहा मिनिटांनी मोजा आणि घड्याळाच्या वेळेसह फोनमध्ये किंवा स्वतःच्या हातावर पेनने लिहा. समजा 7.10 ला नाडी 96, श्वास 20. 7.20 ला 108 आणि 24. 7.30 ला 122 आणि 28, कपाळ गार. यातला 7.10 चा आकडा पाहून कोणीही 'ठीक आहे' म्हटलं असतं. तीन आकडे एकाखाली एक आले की संशयाला जागा राहत नाही.

बीपीवर विसंबू नका. साठ किलोच्या माणसात साधारण चार लिटर रक्त असतं. त्यातलं तीस टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत शरीर कातडीच्या नसा आवळून आणि नाडी वाढवून बीपी टिकवून धरतं. घरातल्या मशीनवर 120/80 दिसलं म्हणून अर्धा लिटर गेलेलं नाही असं म्हणता येत नाही. बीपी पडतं ते उशिरा, आणि मग झपाट्याने.

नाडीच्या जोडीला कातडी बघा. कातडीच्या नसा आवळल्या की तळहात गार आणि ओलसर लागतात, ओठ फिके पडतात. नख पाच सेकंद दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. जानेवारीच्या थंडीत हा वेळ असाही वाढतो, तेव्हा शेजारी स्वतःचं नख दाबून तुलना करा. पुढची पायरी म्हणजे तहान, अस्वस्थपणा, उगाच उठून बसणं, 'मला जाऊ द्या' म्हणत हात झटकणं. गर्दी याला 'नशेत आहे' म्हणते. बऱ्याचदा तो मेंदूला रक्त कमी पडल्याचा गोंधळ असतो.

नाडी फसवते अशी माणसंही असतात. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्या काका-आजोबांची नाडी रक्त जाऊनही 80-90 वरच राहू शकते. औषधांची चौकशी आधी करा. लहान मूल बराच वेळ चांगलं दिसतं आणि मग एकदम कोसळतं, त्याची नाडी मुळातही जलद असते. पोटात मूल असलेल्या बाईच्या शरीरात रक्त जास्त असल्याने बरंच रक्त जाईपर्यंत तिच्याकडे बघून काही कळत नाही, आणि त्याआधीच बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. पाचव्या महिन्यानंतरच्या बाईला पाठीवर सपाट ठेवू नका, गर्भाशय मोठी नीला दाबतं. पाठीच्या उजव्या बाजूखाली गुंडाळलेली चादर सरकवून अख्खं अंग थोडं डावीकडे कलतं करा. एकही खूण नसली तरी तिला दवाखान्यात न्यायचंच.

रक्त कुठे लपतं

मोठ्या माणसाचं जीवघेणं रक्त आतल्या आत साठायला चार जागा आहेत: छाती, पोट, ओटीपोटाची हाडं आणि मांडी. मांडीचं हाड मोडलं की एकाच मांडीत एक ते दीड लिटर रक्त जाऊ शकतं, आणि ती फक्त सुजलेली दिसते.

छातीसाठी शर्टाची बटणं उघडा आणि पायाकडून बघा. दोन्ही बाजू सारख्या वर येतात का? एक बाजू मागे राहत असेल, किंवा छातीचा एक तुकडा बाकीच्या छातीच्या उलट आत-बाहेर होत असेल, तर बरगड्या मोडल्या आहेत आणि आत हवा किंवा रक्त भरत असू शकतं. दम वाढत चाललाय, एक वाक्य एका श्वासात पुरं होत नाही, श्वास तिशीच्या वर गेलाय, ओठ निळसर झालेत, यातलं काहीही दिसलं तर एक क्षणही थांबू नका. शुद्धीत असेल आणि मान-पाठीत दुखत नसेल तर टेकून अर्धवट बसवा, आडवं पडून दम आणखी लागतो. छातीला घट्ट पट्टा आवळू नका. जुनी पद्धत आहे, त्याने श्वास आणखी उथळ होतो. छातीला भोक पडून हवा आत-बाहेर होत असेल तर ते प्लास्टिकने बंद करू नका, आत हवा कोंडून फुप्फुस आणि हृदय दाबलं जातं. आणि लक्षात ठेवा, डाव्या बाजूच्या सगळ्यात खालच्या बरगड्यांच्या आड पानथरी असते आणि उजव्या बाजूच्या खाली यकृत. 'फक्त बरगडीला लागलंय' हे तिथे खरं नसतं.

पोट सगळ्यात फसवं. सदरा वर करून खुणा शोधा. सीटबेल्टचा तिरपा किंवा आडवा लाल पट्टा. स्कूटरच्या किंवा सायकलच्या हँडलचा रुपयाएवढा गोल वळ. ही गोल खूण विशेषतः मुलांमध्ये बघा. आठ-नऊ वर्षांचं मूल गल्लीत सायकलवरून पडतं, हँडलचं टोक बेंबीच्या वर रुततं, मूल रडतं आणि दहा मिनिटांत खेळायला लागतं. त्या टोकाने यकृत, स्वादुपिंड किंवा आतडं मणक्यावर दाबलं जाऊन फाटलेलं असू शकतं. उलट्या आणि ताप दुसऱ्या दिवशी येतात. घरचे 'काल बाहेर खाल्लं होतं' म्हणतात आणि आणखी एक दिवस जातो.

मग पोटावर सपाट तळवा ठेवून चारही भाग एकेकदा हलकेच दाबा. दुखतंय का, हात लावताच पोट लाकडासारखं ताठ होतंय का? एकदाच बघा. येणाऱ्या प्रत्येकाने दाबून बघायचं नसतं. पोट मऊ आहे म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, ताजं रक्त पोटाला फारसं झोंबत नाही आणि लिटरभर रक्त असूनही पोट फुगलेलं दिसत नाही. खांद्याचं दुखणं विचारायला विसरू नका. खांद्याला मार नाही, हात हलवून दुखत नाही, पण आडवं झालं की डाव्या खांद्याच्या टोकाला कळ येते, ही पानथरी फाटल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. रक्त श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली साचतं, आणि श्वासपटलाची नस मानेच्या ज्या भागातून निघते तिथूनच खांद्याची संवेदनाही जाते. पोटाची तक्रार खांदा करतो.

लघवीत लाली दिसली, कमरेच्या बाजूला निळसर डाग आला, तर मूत्रपिंड. दवाखान्यात सांगा.

ओटीपोटाचं हाड मोडलं आहे हे ओळखायला कंबर दोन्ही हातांनी दाबून हलवण्याची पद्धत अजून काही जण शिकवतात. करू नका. तिथे हाडांच्या मागे नसांचं जाळं असतं, धरलेली गुठळी त्या एका हिसक्याने सुटते आणि आत दोन लिटरपर्यंत किंवा त्याहून जास्त रक्त जाऊ शकतं. कंबरेत किंवा जांघेत दुखतंय, उभं राहवत नाही, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो, लघवीच्या जागी रक्ताचा थेंब आहे, एवढं पुरे.

रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर बांधा. चादरीची किंवा सुती साडीची एक वीत रुंद घडी करा. ती गुडघ्यांच्या मागच्या खोबणीतून आत घाला आणि दोन्ही बाजूंनी थोडी-थोडी ओढत वर न्या, कंबर उचलायची नाही. बांधायची जागा कंबर नव्हे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटच्या खिशाच्या उंचीवर, हाताला एक हाडाचा उंचवटा लागतो, तिथे. बहुतेक जण पट्टा बेल्टच्या जागी बांधतात आणि तो वर सरकून काहीच आवळत नाही. आधी दोन्ही गुडघ्यांमध्ये टॉवेल ठेवून पाय आतल्या बाजूला वळवून एकत्र बांधा, मग दोघांनी दोन टोकं समोरासमोर ओढून चादरीला गाठ मारा. एकदा बांधलं की दवाखान्यापर्यंत सोडायचं नाही.

डोक्याचा मार आणि मधली फसवी शुद्ध

कानाच्या वर, कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते. तिथे मार लागला की माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठतो, नीट बोलतो, चहाही मागतो. आत कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असतं. अर्ध्या तासाने किंवा पाच-सहा तासांनी डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात, झोप अनावर होते. तो झोपला म्हणून घरचे 'बरं झालं, आराम पडला' म्हणतात.

म्हणून अपघातात क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, मार लागल्याचं आठवत नसेल, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी न्या. एकाहून जास्त उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, एका हातापायात कमी जोर, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, अडखळती जीभ यातली एकही खूण असेल तर तातडी. नाका-कानातून पाण्यासारखं किंवा फिकट लाल येत असेल तर बोळा कोंबू नका, वाहू द्या. डोळ्यांभोवती किंवा कानामागे निळं पडणं ही कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची खूण असते, पण ती यायला तासन्‌तास, कधी एक-दोन दिवस जातात.

दारूचा वास येतोय म्हणून 'उतरेल सकाळी' असं म्हणायचं नाही. प्यायलेला माणूस जास्त जोरात आपटतो आणि त्याच्या डोक्याच्या खुणा दारूआड लपतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे चालू असणाऱ्याला साध्या पडण्यानंतरही डॉक्टरला दाखवा.

पाणी, हळदीचं दूध आणि तीन सीट

गर्दी जमली की पहिलं वाक्य हेच असतं: 'अरे भिया, पानी पिलाओ!' हात जोडून नको म्हणा. शुद्ध अर्धवट असेल तर पाणी फुप्फुसात जातं. शुद्ध पूर्ण असली तरी तासाभरात ऑपरेशन लागलं, तर भूल देताना पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ओठ सुकले तर ओल्या रुमालाने पुसा, बस. आपल्या घरातलं हळद घातलेलं गरम दूधही याच कारणासाठी नको. खरचटण्यापुरतं ठीक असेल, पण पोटाला किंवा डोक्याला मार लागलेल्याला तपासणी होईपर्यंत काहीही नको. दुखतंय म्हणून घरच्या डब्यातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन देऊ नका, ती रक्त गोठण्यात अडथळा आणतात. मुक्या मारावर तेल चोळणं, शेकणंही नको.

सपाट झोपवा आणि पांघरूण घाला, उन्हाळ्यातही. रक्त गेलेल्याचं अंग गार पडतं आणि गार रक्त नीट गोठत नाही. मात्र मे महिन्यातल्या दुपारी डांबराने पाठ भाजते, तेव्हा अंगाखाली चादर किंवा गाडीतली मॅट सरकवा आणि वर सावली धरा.

इंदूरमध्ये सर्रास दिसणारा आणि सगळ्यात घातक प्रकार म्हणजे जखमीला बाइकवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं. मान लोंबकळते, श्वास अडतो, आणि दोन्ही पाय फाकवून बसवल्याने मोडलेलं ओटीपोट उघडतं. रुग्णवाहिका येत नसेलच तर पिकअप, लोडिंग रिक्षा, मॅजिक, ज्यात आडवं ठेवता येईल असं काहीही घ्या. फळी, बाक, दार यावर झोपवून चौघांनी उचला, एक जण फक्त डोकं धरायला. 'एक, दोन, तीन' तोच म्हणेल. गाडीत अडकलेल्याला मात्र आग, पाणी, मागून येणारा ट्रक किंवा थांबलेला श्वास यांशिवाय बाहेर खेचू नका.

पोलिसांच्या भीतीने थांबू नका. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 134अ मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी जबाबदारीतून संरक्षण देतं, नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही. अपघातग्रस्तांच्या रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजना मे 2025 पासून लागू आहे: अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दर व्यक्ती दीड लाख रुपयांपर्यंत, योजनेतल्या रुग्णालयांत. पैसे नाहीत म्हणून वाट बघत बसायची गरज नाही.

दवाखान्यात काय सांगायचं

जवळचा नर्सिंग होम आणि मोठं रुग्णालय यांत निवड करायची झाली, तर चोवीस तास सर्जन, सीटी आणि रक्तपेढी कुठे आहे ते विचारा. एमवाय हॉस्पिटलसारख्या मोठ्या सरकारी ठिकाणी गर्दी असते, पण हे सगळं एका छताखाली मिळतं. वाटेत श्वास बंद पडायला आला तर मात्र जे पहिलं येईल तिथे.

'गाडीवरून पडला' हे वाक्य डॉक्टरच्या फारसं उपयोगाचं नाही. 'ताशी पन्नासने कारवर आदळला, हँडल पोटात गेलं, सात वाजता, मिनिटभर बेशुद्ध होता, 7.10 ला नाडी 96, 7.30 ला 122, बीपीची गोळी घेतो, ॲलर्जी नाही, शेवटचं खाणं चार वाजता पोहे' हे वाक्य उपयोगाचं. गर्दीत आकडे विसरतात, कागद हातात द्या.

दोन गोष्टींनी नातेवाईक फसतात. पहिली, हिमोग्लोबिन. पातेल्यातली अर्धी आमटी सांडली तरी उरलेलीची चव तीच असते, पाणी घातल्यावरच ती पातळ होते. तसंच रक्त गेल्यावर लगेच तपासलं तर हिमोग्लोबिन 13 येऊ शकतं. सलाइन लागल्यावर किंवा शरीराने आतलं पाणी रक्तात ओढल्यावर काही तासांनी ते 9 दिसतं. दुसरी, सोनोग्राफी. पोटातलं थोडं रक्त पहिल्या सोनोग्राफीत दिसत नाही, आतड्याची जखम तर बऱ्याचदा दिसतच नाही. दुखणं किंवा नाडी वाढत असेल तर 'पुन्हा करता का, सीटी लागेल का' हे विनम्रपणे पण ठामपणे विचारा. डॉक्टर 'रात्रभर ठेवू' म्हणाले तर ते बिल वाढवण्यासाठीच म्हणतात असं समजून सही करून घरी नेण्याची घाई करू नका. पुन्हा पुन्हा तपासणं हाच या दुखापतींच्या उपचाराचा अर्धा भाग आहे.

घरी आल्यावर

पहिले 48 तास एकटं ठेवू नका. डोक्याला मार असेल तर पहिल्या रात्री डॉक्टरने सांगितलेल्या वेळांना, सहसा दर दोन तासांनी, उठवा आणि 'हूं' वर समाधान मानू नका. घरचा पत्ता विचारा, दोन्ही हातांनी तुमची बोटं आवळायला सांगा. दारू, झोपेची गोळी, गाडी चालवणं बंद. उठून बसताना चक्कर, पोट फुगणं, खांद्यात कळ, काळी शी, लघवीत रक्त, नव्याने लागलेला दम, ताप, यातलं काहीही झालं तर ओपीडीची वाट न बघता परत. पोटरी दगडासारखी ताठ होऊन मार लागला त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखत असेल, बोटं बधिर पडली असतील, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढला आहे. काही तासांत पाय कायमचा जाऊ शकतो.

पानथरीच्या मारात पहिल्या दिवशी सगळं ठीक आणि आठ-दहा दिवसांनी अचानक फाटणं असंही होतं. डॉक्टर होकार देईपर्यंत वजन उचलणं, क्रिकेट, रंगपंचमीच्या गेरमधली (रंगांच्या मिरवणुकीतली) ढकलाढकली, काही नको.

आणि आजी-आजोबांकडे जास्त दिवस लक्ष ठेवा. वयाबरोबर मेंदू आकसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या बारीक नीला ताणलेल्या असतात, आणि फुटल्या तर रक्त इतकं सावकाश साचतं की खुणा दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. आजोबा चालताना एका बाजूला जायला लागतात, चप्पल घालताना चुकतात, दुपारी फार झोपतात, नातवाचं नाव आठवत नाही. घरात सगळे 'वय झालं' म्हणतात. महिन्याभरात कुठे पडले होते का, ई-रिक्षातून उतरताना डोकं आपटलं होतं का, हे आठवून बघा, आणि उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी सीटी करून घ्या.